वरून एक हिसका

आमच्या घरातल्या पुरुषांना देवानं दणकट हात दिले, पण थांबायचं कुठे ते सांगायचं राहूनच गेलं. साखरेची बरणी उघडायची तर मला ओलं फडकं लागतं, मग गरम पाणी लागतं, आणि तरी नाहीच उघडली तर ज्यानं ती बंद केली त्यालाच हाका माराव्या लागतात. तो येतो, एका झटक्यात उघडतो आणि वर मलाच विचारतो, "एवढंसं जमत नाही?" अरे बाबा, बंद करणारा तूच ना! सासूबाईंची खोकल्याची बाटली तर अशी पिळून ठेवलेली असते की ती उघडेपर्यंत खोकलाच कंटाळून निघून जातो. न्हाणीघरातल्या नळाचा वायसर सारखा चेचला जातो, आणि मग सासरे, नवरा, दीर तिघंही नळाभोवती उभे राहून हल्ली माल चांगला येत नाही असं म्हणतात.

हे सगळं सासऱ्यांपासून आलं. ते पाणीपुरवठा खात्यात होते. हातभर लांब पाना घेऊन रस्त्याखालच्या जाडजूड नळांचे बोल्ट आवळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे ते ठीकच होतं. पण निवृत्त होताना त्यांनी पाना खात्यात जमा केला आणि सवय तेवढी घरी आणली. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "आवळून झालं ना? मग वरून एक हिसका." माझ्या नवऱ्याला आणि धाकट्या दिराला हे बाळकडूसारखं पाजलेलं आहे. चष्म्याचा स्क्रू असो की जिन्याचा कठडा, वरून एक हिसका हवाच. नवऱ्यानं तर आपल्या किल्ल्यांच्या जुडग्याची कडीसुद्धा पकडीनं दाबून कायमची बंद केली आहे. का, तर किल्ली पडायला नको.

त्यात या तिघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. सासऱ्यांनी पंख्याचा नट आवळला की दीर स्टुलावर चढून तोच नट पुन्हा आवळतो. तो उतरला की नवरा चढतो. भाजीत ज्यानं त्यानं येता-जाता मीठ टाकावं, तसला प्रकार. भाजी निदान फेकून तरी देता येते.

अशा या घरात राहून मला नोकरी लागली. सासूबाईंच्या आजारपणात पहिली नोकरी सोडली होती, त्यानंतर मी घरातच बसले होते. आता ही मिळाली ती गावाबाहेरच्या औषधांच्या कारखान्यात. काम कसलं, तर पातळ औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासायची. झाकण सैल राहिलं तर औषध गळतं, फार घट्ट बसलं तर आजारी माणसाला उघडत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं ओळीतल्या काही बाटल्या उचलायच्या, यंत्रावर धरायच्या आणि झाकण किती जोरानं सुटतं ते बघायचं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा दीर पोट धरून हसला. "वहिनी, तुम्हाला बरण्या उघडत नाहीत म्हणून घेतलं की काय?"

"हो ना भाऊजी," मी म्हटलं. "तुमच्यासारख्यांचा बंदोबस्त करायलाच पगार देणार आहेत."

कारखान्यापर्यंत बस जात नाही. तिथल्या सुपरवायझर बाईंनी मुलाखतीतच बजावलं होतं, की स्वतःची गाडी असेल तरच हो म्हणा. सोमवारी आठला हजर व्हा, तुमच्यामागे आणखी दोघी वाट बघत आहेत. गाडी होती. माझ्या वडिलांची. ते गेल्यावर भावानं घर ठेवलं आणि गाडी मला दिली. कागदावर माझं नाव, पण सासरी आल्या दिवसापासून ती "आपली गाडी" झाली. एक किल्ली दाराजवळच्या खुंटीवर आणि दुसरी नवऱ्याच्या त्या जुडग्यात. चालवायचा बहुतेक तोच. गाडी कधी पुसली मात्र नाही.

आणि नेमकी तेव्हाच गाडी धुरायला लागली. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या कडेनं रबराची पट्टी बसवलेली असते, ती गॅस्केट. आमची गॅस्केट वाळून लाकूड झाली होती. तिथून तेल झिरपायचं, खालच्या तापलेल्या नळीवर पडायचं आणि गाडीभर जळका वास. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून बघितलं. म्हणाला, "ताई, काम सोपं आहे, पण हा आठवडा माझे हात रिकामे नाहीत. नवी गॅस्केट देतो, तुम्हीच बसवा. दहा बोल्ट आहेत. फक्त पिळू नका. खाली अॅल्युमिनियम आहे, लोण्यासारखं."

पिळू नका! हे तो आमच्या घराला सांगत होता.

"मी करतो की," नवरा म्हणाला.

"तुम्ही सोडून कुणीही," मी म्हटलं.

गाडीचं पुस्तक वडिलांनी पुढच्या कप्प्यात जपून ठेवलेलं होतं. त्यात सगळं लिहिलं होतं: कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, किती जोर. आणि टॉर्क पानासुद्धा घरातच निघाला. दिरानं कधीतरी हौसेनं आणलेला, खोकंही न फोडलेला. या पान्याला आपल्याला हवा तो आकडा लावायचा. बोल्टला तेवढा जोर पोचला की पाना हातातल्या हातात कट् करतो. कट् झालं की थांबायचं. थांबायचं म्हटल्यावर तो या घरात कोण वापरणार?

रविवारी सकाळी गाडी घरासमोर उभी करून मी काम काढलं. जुनं रबर खरवडून काढलं, खाच पुसून कोरडी केली, नवी गॅस्केट नीट बसवली. दहाही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावले. मग मधले दोन, मग त्यांच्या समोरचे, असं मधून कडेकडे जात, आधी हलकेच आणि दुसऱ्या खेपेला कट् होईपर्यंत. एका बाजूनं सुरुवात केली तर झाकण दुसऱ्या बाजूला उचललं जातं, म्हणून ही सगळी कसरत.

तिघंही खुर्च्या टाकून बसले होते. सासऱ्यांना राहवेना. "अगं, बोटांनी काय लावतेस? आणि हा पाना आहे की दातकोरणं?"

"बाबा, पुस्तकात असंच लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं जन्मात कधी बोल्ट आवळलाय का?"

"बाबा, गाडी त्यांनीच बनवली आहे."

त्यावर सासूबाई आतून हसल्या. सासऱ्यांनी खुर्ची दुसरीकडे वळवली.

शेवटचा बोल्ट कट् झाला तेव्हा नवरा उठून जवळ आला. हात नुसते शिवशिवत होते त्याचे. "बघू, जरासा..."

"हात लावायचा नाही. उद्या मला या गाडीनं कामावर जायचंय."

"नाही लावत. शप्पथ."

"कुणाची?"

"तुझी."

"माझी नको, ती मोडायची तुम्हाला सवय आहे. गाडीची घ्या."

त्यानं बॉनेटवर हात ठेवून गाडीची शप्पथ घेतली. मग मी गावाला एक चक्कर मारून आले. थेंब नाही, धूर नाही, वास नाही. खरं सांगते, मला रडूच यायचं बाकी होतं. कितीतरी दिवसांनी मी एखादं काम एकटीनं हातात घेतलं होतं आणि ते धड पार पडलं होतं.

सोमवारी हातात भरपूर वेळ ठेवून निघाले. बाजार मागे पडला, शेवटचा पेट्रोल पंप मागे पडला, आणि चढ लागल्यावर बॉनेटच्या फटीतून धूर. साधासुधा नव्हे, आधीपेक्षा दुप्पट. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. झाकणाच्या सगळ्या कडा तेलानं माखलेल्या, आणि एका बाजूनं गॅस्केट जीभ काढल्यासारखी बाहेर लोंबत होती. मी नवऱ्याला फोन केला. दुसरं करणार काय?

आली वरात. एका स्कूटरवर नवरा आणि सासरे, दुसरीवर दीर. हेल्मेट काढायच्या आधी नवऱ्यानं तोंड उघडलं. "वाटलंच मला. सैल राहिलं. बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो गं, यात तुझा दोष नाही."

माझा दोष नाही! केवढा हा उदारपणा! मी गॅस्केट लोंबलेल्या बाजूच्या कोपऱ्यातल्या बोल्टला नुसतं बोट लावलं तर त्याचं डोकं माझ्या हातात आलं. डोकं हातात आणि धड इंजिनात. ते मी तिघांच्या नाकासमोर धरलं.

"सैल बोल्ट गळून पडतो," मी म्हटलं. "त्याची मुंडी तुटत नाही. ही पिळून तुटली आहे. कुणी पिळली?"

सगळे रस्त्याकडे बघायला लागले. एक ट्रक गेला, त्याच्याकडे बघितलं. मग सासरे घसा खाकरून, छाती पुढे काढून म्हणाले, "मी काल संध्याकाळी वरून एकेक हिसका मारला होता म्हणून तू इथपर्यंत तरी पोचलीस. नाहीतर घरासमोरच बंद पडली असती."

"बाबा, तुम्ही मारलात?" दीर एकदम बोलून गेला. "अहो, मग मी कशाला मारला!"

"तू पण?" सासरे त्याच्यावर उखडले. "माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

"तुम्ही आवळलेत हे मला काय माहीत? वहिनींनी आवळलंय म्हणून मी..."

जुंपली दोघांची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि नवरा? तो खाली वाकून स्कूटरचं टायर बघत होता. टायरला काहीएक झालेलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं. "तुम्ही कधी मारलात?"

"मी... तू चक्कर मारून आलीस ना, त्यानंतर लगेच. पण एकच. हलकासा." मग आवाज वाढवून म्हणाला, "तुझं काम बिघडू नये म्हणूनच ना!"

म्हणजे माझ्या मागून तीन हिसके. प्रत्येकाचा एकच, प्रत्येकाचा हलकासा, आणि प्रत्येकाचा माझ्या भल्यासाठी. रस्त्यावर उभी होते म्हणून, नाहीतर तो टॉर्क पाना मी एकेकाच्या डोक्यावर कट् होईपर्यंत वापरला असता.

"एवढंच सांगा," मी नवऱ्याला विचारलं. "तुमचा भरवसा बोल्टवर नव्हता की माझ्यावर?"

तो पुन्हा टायरकडे वळला. मला ते लागलं. सासऱ्यांचं सोडा, दिराचं सोडा. यानं शप्पथ घेतली होती.

तेवढ्यात रिकाम्या बाटल्या भरलेला एक टेम्पो खडखडत चढ चढत आला. एवढ्या बाटल्या कुठे जाणार, कारखान्यातच. मी हात केला, पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि खिडकीतून तिघांना म्हटलं, "आपली गाडी ना ही? मग ढकला आता आपणच."

कारखान्यात पोचले तेव्हा आठ केव्हाच वाजून गेले होते. सुपरवायझर बाई दारातच उभ्या होत्या. "कारण?"

"इंजिनाचे बोल्ट जास्त आवळले गेले."

"कुणी आवळले?"

"ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांनी."

बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं, मग पांढरा कोट हातात दिला. "आज बसा. उद्या आठ म्हणजे आठ. उद्या कारण ऐकून घेणार नाही, पुढच्या बाईला फोन करीन." हसल्या वगैरे अजिबात नाहीत. पण मी दिवसभर बाटल्या उचलल्या, झाकणं सोडवली, आकडे बघितले, आणि मला ते काम आवडलं. किती घट्ट म्हणजे पुरे, हे तिथे यंत्र सांगतं आणि सगळे मुकाट ऐकतात.

तिथेच आणखी एक गोष्ट बघितली. यंत्राच्या नटांवर लाल रंगाची एकेक रेघ ओढलेली होती, अर्धी नटावर आणि अर्धी यंत्रावर. कुणी नट जरासा फिरवला तरी रेघ तुटते आणि चोरी पकडली जाते. मला वाटलं, ही माणसं नक्की आमच्या घरी येऊन गेली असणार.

संध्याकाळी थेट गॅरेज गाठलं. तिघांनी गाडी तिथवर ढकलत आणून ठेवली होती. गॅरेजवाल्यानं हातातलं काम बाजूला ठेवून तुटलेला बोल्ट काढला होता. "नशीब ताई, आटे वाचले. आणखी एक हिसका बसता तर डोकंच बदलावं लागलं असतं. इंजिनाचं म्हणतोय मी." नवी गॅस्केट, नवा बोल्ट. "आवळू मी?"

"नको, मी."

दहा बोल्ट, दहा वेळा कट्. मग पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि प्रत्येक बोल्टवर एकेक बारीक रेघ ओढली. गॅरेजवाला बघत राहिला.

घरी नवरा नरम झाला होता. मला ताट वाढून दिलं. हे सूर्य पश्चिमेला उगवण्यापैकीच होतं. "चुकलो," तो म्हणाला. "आता नाही लावणार हात."

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला, आणि विरघळले. त्याला हिसका मारायची खोड, तर मला विश्वास ठेवायची. नेलपॉलिशबद्दल मात्र बोलले नाही. एवढी काही मी भोळी नाही.

मंगळवारी सकाळी निघायच्या आधी बॉनेट उघडलं. एक रेघ सरळ, दुसरी सरळ, तिसरी सरळ. नऊ सरळ. दहावी, त्या कोपऱ्यातल्या नव्या बोल्टवरची, तुटलेली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत आले. सासरे वर्तमानपत्र वाचत होते, कालपासून माझ्याशी अबोला धरून. त्यांचा अबोला म्हणजे त्यांचे हात स्वच्छ, एवढं मी त्यांना ओळखते. दीर अंथरुणात घोरत होता. नवरा स्वयंपाकघरात चहा पीत होता, आणि खिडकीत त्याचा पाना होता. पान्याच्या तोंडात लाल पापुद्रा चिकटलेला.

मी पाना उचलून त्याच्या कपाशेजारी ठेवला. खाई त्याला खवखवे. मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "एकच गं. फक्त तो कोपऱ्यातला. कालसुद्धा तोच तुटला होता ना, म्हणून म्हटलं, तेवढा एक..."

"तुटला तुमच्यामुळेच!"

"म्हणूनच तर काळजी वाटली."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि तेवढं थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी बाहेर गेले, तो बोल्ट सैल केला, कट् होईपर्यंत पुन्हा आवळला, नवी रेघ ओढली. मग आत येऊन त्याच्यासमोर हात पसरला. "माझ्या गाडीची किल्ली द्या."

"तुझी आहे की खुंटीवर."

"तुमच्या जुडग्यातली. तीही माझीच. गाडीचं दार तिनंच उघडलंत ना?"

त्यानं जुडगा माझ्यापुढे टाकला. "घे काढून," म्हणाला, आणि चहाचा घोट घेतला. कडी निघायची नाही हे त्याला चांगलंच माहीत होतं. पकडीनं दाबून त्यानंच तिचं तोंड बुजवलं होतं.

मी एकदा नखानं बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं. मग अख्खा जुडगा पर्समध्ये टाकला.

"अगं! त्यात स्कूटरची किल्ली आहे! ऑफिसच्या कपाटाची आहे!"

"मग उघडा कडी आणि घ्या काढून." मी जुडगा पुन्हा बाहेर काढून त्याच्या हातात दिला. चहा बाजूला राहिला. नखं लावून झाली, चमचा लावून झाला, दातसुद्धा लावून झाले. कडी ढिम्म. तो लाल झाला. दारात सासरे येऊन उभे राहिले होते, सासूबाई त्यांच्या मागून डोकावत होत्या.

"एवढंसं जमत नाही?" मी विचारलं.

सासूबाईंना हसताना खोकला आला. मी त्याच्या हातातून जुडगा काढून घेतला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि गाडी सुरू केली. चढावर धूर नाही, वास नाही.

नवरा त्या दिवशी ऑफिसला पायी गेला. बराच उशीर झाला म्हणे, साहेबांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं. त्यानं काय सांगितलं ते त्याला अजून मला सांगता आलेलं नाही. मी आठच्या आधी हजर होते.